मुलांची सर्दी हटत नाही? नाकाची ॲलर्जी कशी ओळखायची आणि रोजच्या रोज कशी सांभाळायची

आम्ही नेरुळला सिडकोच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. लेक चार वर्षांची असताना पावसाळ्यात तिला सर्दी झाली आणि दिवाळी उलटली तरी ती काही जाईना. दर दोन-तीन आठवड्यांनी दवाखाना व्हायचा, दर वेळी नवीन सिरप मिळायचं, मध्ये दोनदा अँटिबायोटिकचा कोर्सही झाला. बाटली चालू असली की बरं वाटायचं, संपली की चौथ्या दिवशी पहाटे पुन्हा शिंका. असं दीड वर्ष गेलं. मग एका नाक-कान-घसा तज्ज्ञांनी तिला खिडकीजवळ उजेडात उभं केलं, नाकाच्या शेंड्याच्या जरा वर असलेल्या बारीक आडव्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही कधीपासून आहे?" रोज तिचं तोंड मीच धूत होते, पण ती रेघ माझ्या लक्षात आली नव्हती. तळहाताने नाक वर ढकलत खाजवायची तिची सवय होती, त्यातून ती उमटली होती.

त्या दीड वर्षात आम्ही एकच चूक पुन्हा पुन्हा केली. प्रत्येक सर्दीला नवीन सर्दी समजून औषध दिलं. तुमच्या घरीही हेच चाललं असेल तर खालच्या पायऱ्या क्रमाने करून बघा. मी डॉक्टर नाही. औषध कुठलं आणि किती द्यायचं हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं आहे. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय सांगायचं आणि काय विचारायचं, ते या लेखातून मिळेल.

१. आधी सर्दी आणि ॲलर्जी यातला फरक बघा

साधी सर्दी विषाणूमुळे होते. थोडा ताप, अंगदुखी, घसा दुखणं असतं, आणि आठवडा-दहा दिवसांत ती उतरते. ॲलर्जीत ताप नसतो. शरीर धुळीतल्या एखाद्या निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजतं, नाकातल्या पेशी हिस्टामाइन नावाचं रसायन सोडतात, आणि त्यातून खाज, शिंका, पाणी आणि बंद नाक हे सगळं होतं. मुलांमध्ये हे बघा:

- एकामागोमाग पाच-दहा शिंका, बहुतेक वेळा सकाळी उठल्या उठल्या.
- पाण्यासारखा पातळ, रंग नसलेला शेंबूड.
- नाक, डोळे, टाळू किंवा कानाच्या आत खाज. लहान मुलं जिभेने टाळू घासतात, त्याचा 'टक टक' असा आवाज येतो.
- डोळ्यांखाली निळसर-काळपट वर्तुळं, झोप पुरेशी झाली तरी.
- तोंड उघडं ठेवून झोपणं, घोरणं, सकाळी ओठ कोरडे पडणं.
- सारखं घसा खाकरणं, आडवं झाल्यावर खोकला.

खाज हा यातला सगळ्यात उपयोगी धागा आहे, कारण साध्या सर्दीत ती एवढी नसते. घरात कुणाला दमा, इसब किंवा अशीच सर्दी असेल तर संशय आणखी पक्का. आमच्याकडे तिच्या बाबांना लहानपणापासून 'थंडी बाधायची'. तीही ॲलर्जीच होती, हे लेकीमुळे कळलं.

एक गोष्ट मात्र वेगळी समजा. एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा किंवा रक्ताळलेला स्राव येत असेल तर मुलाने नाकात काहीतरी घातलेलं असू शकतं. ते घरी काढायला जाऊ नका, डॉक्टरांकडे न्या. खेळण्यातली बटणासारखी बॅटरी असल्याची शंका असेल तर तासाभराचाही उशीर करू नका.

२. तीन-चार आठवडे वही ठेवा

ही पायरी गाळू नका. डॉक्टर तुमच्या मुलाला दहा मिनिटं बघतात, उरलेला दिवस तुमच्यासमोर असतो. शाळेची साधी वही घ्या आणि रोज रात्री चार ओळी लिहा: सकाळी शिंका आल्या का, रात्री नाक बंद होतं का, औषध काय दिलं, आणि आज वेगळं काय घडलं. वेगळं म्हणजे माळा साफ केला, पाहुण्यांकडे मुक्काम, शेजारी टाइल्स कापत होते, धूप लावला, मांजराशी खेळली, असं काहीही.

आमच्या वहीतल्या दोन नोंदींनी दिशा दिली. जुलैत आम्ही आठ दिवस साताऱ्याला होतो तेव्हा तिला एकदाही औषध लागलं नाही. आणि परत आलो त्याच रात्री, तिच्या पलंगावर, नाक बंद झालं. म्हणजे काय शोधायचं ते बाहेर रस्त्यावर नव्हतं, तिच्या झोपायच्या खोलीत होतं.

वहीवरून तीव्रताही कळते. आठवड्यातून चार दिवसांपेक्षा जास्त आणि सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त त्रास असेल तर डॉक्टर त्याला सततची ॲलर्जी धरतात. झोप, शाळा किंवा खेळ यांवर परिणाम होत असेल तर ती सौम्य मानत नाहीत. औषधाची योजना यावरून ठरते, म्हणून "सारखीच सर्दी असते हो" असं न सांगता दिवस मोजून सांगा.

३. डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करा. गरज वाटली तर ते नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे किंवा ॲलर्जीतज्ज्ञांकडे पाठवतात. खर्चाचा प्रश्न असेल तर ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबईत वाशीचं महापालिकेचं रुग्णालय आहे. तिथे ओपीडी सकाळची असते, केसपेपरच्या रांगेला लवकर लागा.

पिशवीत हे हवं:

- वर सांगितलेली वही.
- आतापर्यंत दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या किंवा त्यांच्या लेबलांचे फोटो.
- जुने केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, लसीकरणाचं कार्ड.
- रात्री झोपेत घोरतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ. दवाखान्यात मूल जागं असतं, घोरणं दिसत नाही.
- मुलाचं आत्ताचं वजन. पुष्कळ औषधांचा डोस त्यावर ठरतो.

तीन गोष्टी आपणहून विचारा: ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) वाढलेत का, कानात पाणी साचलंय का, आणि छातीत दम्याचं काही लक्षण आहे का. नाकाची ॲलर्जी आणि दमा बऱ्याचदा जोडीने असतात. कानाचं तर आम्हाला टीव्हीवरून कळलं. ती आवाज रोज थोडा थोडा वाढवत होती आणि आम्ही तिला रागावत होतो. कानाच्या पडद्यामागे द्रव साचला होता. नाकावर नीट उपचार सुरू झाले आणि पुढच्या काही महिन्यांत कानही मोकळा झाला.

४. टेस्ट करायची का?

प्रत्येक मुलाला लागतेच असं नाही. लक्षणं स्पष्ट असतील तर डॉक्टर आधी उपचार सुरू करतात. औषधाने भागत नसेल किंवा नेमकं कशाचं वावडं आहे ते ठरवायचं असेल तेव्हा टेस्ट करतात.

स्किन प्रिक टेस्टमध्ये हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून बारीक टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत जिथे गांध उठते ती मोजतात. नुसत्या मिठाच्या पाण्याच्या थेंबापेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांध असली तर ती धरतात. रक्त निघत नाही, मुलं पहिल्या टोचणीला दचकतात आणि मग बघत बसतात. टेस्टच्या आधी साधारण आठवडाभर ॲलर्जीची गोळी-सिरप बंद ठेवावं लागतं, नाहीतर गांध उठतच नाही. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, सकाळी सिरप देऊन गेलो आणि परत पाठवलं गेलो. अपॉइंटमेंट घेतानाच काय बंद करायचं ते विचारा.

दुसरा मार्ग रक्ताचा, त्यात त्या-त्या गोष्टीविरुद्धचं आयजीई, म्हणजे ॲलर्जीत शरीर तयार करतं ते प्रतिपिंड, मोजतात. नुसतं 'टोटल आयजीई' वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका, ते पोटात जंत असले तरी वाढतं. आणि शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी पॅनेल कुणी गळ्यात मारत असेल तर पैसे घालवू नका. आयजीजी हे वेगळं प्रतिपिंड, ते सापडलं म्हणजे तो पदार्थ खाण्यात आहे एवढंच, त्याची ॲलर्जी आहे असं नाही. अशा रिपोर्टवरून दूध, अंडी, गहू सगळं बंद झालेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं नाक तसंच वाहत होतं.

आमच्या लेकीच्या हातावर मोठ्या गांधी दोन उठल्या: धुळीतल्या माइट्स (अगदी बारीक जीव) आणि झुरळ.

५. औषधं समजून घ्या

सलाइनचे थेंब किंवा स्प्रे: मिठाचं निर्जंतुक पाणी, नाकातली धूळ आणि शेंबूड धुऊन काढतं. केमिस्टकडे तयार मिळतं, तेच वापरा. नळाचं पाणी कच्चं नाकात घालू नका.

ॲलर्जीची सिरपं-गोळ्या: सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नव्या पिढीची, त्यातल्या त्यात कमी झोप आणणारी. खाज, शिंका आणि पाणी यांवर चांगली चालतात, बंद नाकावर तेवढी नाही.

नाकाचा स्टिरॉइड स्प्रे: मोमेटासोन, फ्लुटिकासोन वगैरे. सततच्या ॲलर्जीवर हाच मुख्य उपचार. 'स्टिरॉइड' शब्द ऐकून माझ्या सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, म्हणून हे सविस्तर सांगते. हे औषध नाकाच्या आतल्या त्वचेवर काम करतं, रक्तात त्याचा फार थोडा अंश जातो. काही स्प्रे दोन वर्षांपासून पुढच्या मुलांना चालतात. डॉक्टर सगळ्यात कमी डोस ठेवतात आणि उंची अधूनमधून मोजतात, ती मोजायला तुम्हीही आठवण करा. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बाटली कपाटात ठेवणं, हीच सगळ्यात जास्त होणारी चूक.

आता सापळे.

नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन-ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मिनिटात जादू करतात. पण चार-पाच दिवसांवर गेले की नाक उलट जास्त बंद होतं आणि थेंबांशिवाय चालेनासं होतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपलीकडे एक दिवसही नको.

सर्दीची मिश्र सिरपं घरात पडून असतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन मॅलिएट आणि फेनिलेफ्रिन यांच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये' असा इशारा छापायला सांगितला. बाटलीची मागची बाजू वाचा, आणि एका मुलाची बाटली दुसऱ्याला देऊ नका.

मॉन्टेलुकास्ट आपल्याकडे लेव्होसेटिरिझिनबरोबर सर्रास लिहून मिळतं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर ठळक इशारा घातला: काही जणांत वाईट स्वप्नं, चिडचिड, वागण्यात बदल, अगदी आत्महत्येचे विचारसुद्धा. नुसत्या नाकाच्या ॲलर्जीसाठी ते इतर औषधांनी भागलं नाही तरच द्यावं, असंही त्यात आहे. चालू असेल आणि मूल रात्री दचकून उठत असेल, वेगळंच वागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

'वर्षातून एक इंजेक्शन, ॲलर्जी गायब' असं कुणी सांगितलं तर ते स्टिरॉइडचं तर नाही ना, हे विचारा. ते मुलांसाठी नाही. वावडं असलेल्या गोष्टीची सवय लावणारी इम्युनोथेरपी वेगळी. इंजेक्शनने किंवा जिभेखाली थेंब देऊन ती साधारण तीन ते पाच वर्षं चालते, बहुधा पाच वर्षांच्या पुढच्या मुलांना देतात, आणि ॲलर्जीतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच.

गरम पाण्याच्या पातेल्यावर टॉवेल घेऊन वाफ नको. उकळतं पाणी अंगावर सांडून मुलं भाजतात. दोन वर्षांखालच्या बाळाच्या छातीला, नाकाला कापराचा बाम चोळू नका.

६. स्प्रे मारायची पद्धत

औषध बरोबर आणि पद्धत चुकीची असेल तर गुण येत नाही. आम्ही दोन महिने चुकीचं मारलं.

आधी सलाइन मारून नाक शिंकरायला लावा, दहा मिनिटं थांबा. बाटली हलवा. नवीन असेल तर हवेत काही वेळा दाबून बारीक तुषार यायला लागले की मगच वापरा. मुलाला बुटाच्या लेसकडे बघायला सांगा, म्हणजे मान किंचित खाली झुकते, मागे नाही. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, डावीसाठी उजव्या हातात. टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे रोखा. दाबताना फुलाचा वास घेतो तसा हलका श्वास. जोरात ओढला तर औषध सरळ घशात जातं, आणि मूल तोंड वाकडं करून "कडू आहे" म्हणतं. तसं म्हणालं की समजा पद्धत चुकली.

नाकातून रक्ताचा ठिपका दिसला तर टोक मधल्या पडद्याला लागतंय. एक-दोन दिवस थांबून, डॉक्टरांना सांगून, दिशा सुधारा. आम्ही स्प्रे दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवला, त्यामुळे विसरणं बंद झालं.

७. घर: सुरुवात गादीपासून

माइट्स डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर त्या जगतात आणि पाणी हवेतून ओढून घेतात. म्हणून दमट घर त्यांना मानवतं, आणि खाडीकाठच्या आपल्या गावांत पावसाळाभर हवा दमटच. त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनाचं वावडं असतं. सगळं घर एकदम बदलायला निघू नका. मूल आठ-दहा तास जिथे नाक टेकवून झोपतं तिथून सुरुवात करा.

आमच्याकडे कापसाची पंधरा वर्षं जुनी गादी होती, आणि वर सासूबाईंनी स्वतःच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. मला वाटलं दोषी गोधडीच. ती काढून टाकायची म्हटल्यावर घरात दोन दिवस अबोला. मग डॉक्टरांनी सांगितलं, गोधडी धुता येते, गादी धुता येत नाही. गादी गेली, गोधडी राहिली. दर रविवारी ती कडक गरम पाण्यात, ५५-६० अंशांच्या, बुडवून धुतो आणि दोरीवर कडक उन्हात टाकतो. आजींचे बारीक धावदोऱ्याचे टाके आहेत तसे आहेत, फक्त निळ्या लुगड्याचा रंग उतरून आकाशी झाला.

करायच्या गोष्टी:

- गादी-उशीला चेन असलेलं, घट्ट विणीचं माइट-प्रूफ कव्हर. चादरी-अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात.
- पलंगावर एकच कापडी खेळणं. ते पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवायचं, मग धुवायचं. नुसत्या थंडीने माइट्स मरतात पण त्यांची घाण तिथेच राहते.
- केरसुणीऐवजी ओलं फडकं. झाडायचंच असेल तर मुलाला अर्धा तास दुसऱ्या खोलीत ठेवा. पंख्याची पाती ओल्या फडक्याने पुसा.
- एसीची जाळी वापर सुरू असताना दर दोन आठवड्यांनी धुवा.
- पलंगाखाली आणि पलंगाच्या पेटीत जुने कपडे, रद्दी ठेवू नका.

ओल हा आमच्या जुन्या इमारतींचा वेगळा प्रश्न. पश्चिमेची भिंत ऑगस्टपर्यंत काळी पडते. त्या बुरशीवर नुसता रंग मारला तर दोन महिन्यांत ती वर येते. बाहेरचं प्लास्टर, गळका पाइप आधी. सोसायटीला फोटोंसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून आमची तीन वर्षं गेली. तोवर कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि मुलाचा पलंग त्या भिंतीला लावू नका. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळवू नका. बुरशी पुसताना ब्लीच वापरलं तर खिडक्या उघड्या, मूल बाहेर, आणि ब्लीच टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

झुरळांसाठी फवारा मारण्यापेक्षा जेल बरं, फवाऱ्याचा वासच नाकाला झोंबतो. रात्री ओट्यावर खरकटं आणि उघडा केराचा डबा नको. गॅलरीत कबुतरं बसत असतील तर जाळी बसवा. वाळलेली घाण झाडू नका, आधी पाण्याने भिजवा, तोंडाला मास्क बांधा.

धूप, उदबत्ती, कापूर, डासांची कॉइल यांचा धूर सुजलेलं नाक आणखी चिडवतो. आम्ही गणपतीत आरती तशीच करतो, फक्त धुपाऐवजी समईवर भागवतो. बिडी-सिगारेट घरात, गॅलरीतसुद्धा नको.

८. रस्ता आणि शाळा

घोडबंदर रोड असो की खारघर, बांधकामाची धूळ आपल्या हातात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हवेचा आकडा बघून, हवा वाईट असलेल्या दिवशी मैदानी खेळ कमी करता येतो. दुचाकीवर मुलाला पुढे बसवू नका. घरी आल्यावर तोंड-हात-पाय धुवा, कपडे बदला, सलाइन मारा. ऑक्टोबरात गवत फुलोऱ्यावर येतं तेव्हा आणि दिवाळीत फटाक्यांच्या धुरात त्रास वाढू शकतो.

वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्या: ही सर्दी संसर्गाची नाही, रुमाल काढायला आणि नाक धुवायला परवानगी द्यावी, फळ्याजवळच्या खडूच्या धुळीत पहिल्या बाकावर बसवू नये. आमच्या लेकीला वर्गात मुलं 'शेंबडी' म्हणून जवळ बसू देत नव्हती. बाईंनी चिठ्ठी वाचून एक दिवस सगळ्या वर्गाला ॲलर्जी म्हणजे काय ते सांगितलं, आणि ते थांबलं.

९. वाट न बघता डॉक्टरांकडे

श्वास घेताना बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी आत ओढली जात असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, बोलताना दम लागत असेल, तर थेट इमर्जन्सीला. डोळ्याभोवती सूज आणि ताप, कान फार दुखणं, तीव्र डोकेदुखी, झोपेत घोरता घोरता श्वास थांबून मूल दचकणं, ही लक्षणं दिसली तरी पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. दहा दिवसांवर घट्ट पिवळा शेंबूड कमी होत नसेल तर सायनसचा संसर्ग असू शकतो, तेही दाखवून घ्या.

१०. ऋतूच्या आधी तयारी

नाक मोकळं झालं की स्प्रे आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टर तो हळूहळू कमी करतात. वहीतून तुमच्या मुलाचे वाईट महिने कळतात. आमचे जुलै ते नोव्हेंबर. डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही जूनच्या मध्यालाच स्प्रे सुरू करतो. कॅलेंडरवर त्या तारखेला लाल पेनाने गोल केलेला असतो, आणि त्याच आठवड्यात कव्हरं धुऊन, एसीची जाळी काढून, पश्चिमेच्या भिंतीवर हात फिरवून ओल बघून घेतो.